पोचलेला मजकूर

शालननं बाळासो मगदूमला उभ्या आयुष्यात कधी ‘अहो’ म्हटलं नव्हतं. ती त्याच्या सख्ख्या मामाची मुलगी. लहानपणी दोघं एकाच अंगणात गोट्या खेळले, एकमेकांची डोकी फोडली, आणि मोठ्यांनी लग्न लावून दिलं तरी तिची जीभ होती तशीच राहिली. ‘बाळ्या, मुडद्या, भाकरी गार व्हाय लागल्या, गिळतोस का घालू कुत्र्याला’ हे तिचं जेवायला बोलावणं. तोही काही कमी नव्हता. हुपरीच्या त्या गल्लीत नवी सून आली की सासू तिला आधीच सांगून ठेवायची, मगदुमांच्या घरातून आरडाओरडा ऐकू आला तर घाबरायचं नाही, तिथं सगळं बरं चाललंय. घर गप्प झालं की समजायचं, बिनसलंय.

ते खरंच होतं. शालन दुखावली की गोड व्हायची. ‘तुम्ही जेवून घ्या, तुम्हाला सवड होईल तेव्हा या, तुमची मर्जी.’ हे सुरू झालं की बाळासो शहाण्यासारखा घराबाहेर पडायचा आणि दोन दिवस तालमीच्या कट्ट्यावर काढायचा. जवळ गेलं तर तिचा राग वाढायचा, लांब राहिलं की उतरायचा. एवढ्या वर्षांच्या संसारात ही एक गोष्ट त्यानं पक्की शिकून घेतली होती.

तो साखर कारखान्यात पॅनमन होता. उसाचा आटवलेला रस मोठ्या बंद भांड्यात उकळतो, त्यात साखरेचा दाणा धरायची वेळ साधायची, हे त्याचं काम. आता सगळीकडे सेन्सर आले, निम्मे कारखाने नुसतं इथेनॉल करू लागले, ऊस वाहणाऱ्या गाड्या विजेवर धावू लागल्या, तरी दाणा धरताना एक माणूस काचेपाशी लागतोच. कोल्हापूरकडच्या पॅनमनला लांबून बोलावणं येतं. त्या वर्षी तो नांदेडच्या पुढं होता. पॅन हाऊसमध्ये वाफेचा आणि पंपांचा असा आवाज असतो की फोन कानाला लावून उपयोग नाही. म्हणून नवरा-बायको हंगामभर लिहूनच बोलायचे.

लिहायचे ‘कानगोष्ट’वर. कारखान्यानं पाळ्यांचे निरोप त्याच ॲपवर सुरू केले होते, त्यामुळे ते सगळ्यांच्याच फोनमध्ये आलं. बाळासोनं ते शालनच्या आणि मुलीच्या फोनमध्येही घालून दिलं. जाहिरातीत एक म्हातारा-म्हातारी गालातल्या गालात हसत होते आणि खाली लिहिलं होतं, तुमचं बोलणं फक्त तुमचं. निरोपाला कुलूप लागतं, ते समोरच्याच्याच फोनमध्ये उघडतं, मधे कुणाला, अगदी कंपनीलासुद्धा, वाचता येत नाही. बाळासोला ते आवडलं. त्यांचं बोलणं चारचौघांत वाचण्यासारखं नव्हतंच.

माघ महिन्यात शालनचे निरोप बदलले. पहिला आला, ‘पोटात थोडं दुखतंय. तुम्ही काळजी करू नका.’ बाळासोनं कपाळाला हात लावला. रागावली. का रागावली याचाही त्याला अंदाज होता. संक्रांतीला रजा टाकून येतो म्हणाला होता आणि आला नव्हता. त्यानं तरीही तिला सवयीप्रमाणं झाडलं, की नाटकं करू नको, उठ आणि पाटील डॉक्टरकडं जा, नाहीतर येऊन फरफटत नेईन. उत्तर आलं, ‘तुमच्या काळजीबद्दल बरं वाटलं.’ हे वाचून तर तो घाबरलाच. एवढी गोड ती लग्नानंतर एकदाच झाली होती, थोरल्या भावजयीच्या प्रकरणात, आणि ते महिनाभर चाललं होतं.

एकदा तिचा फोनही वाजला. पॅनमध्ये दाणा धरायची वेळ होती, हात मोकळा नव्हता. नंतर त्यानं केला तर तिनं उचलला नाही. रुसलेलं माणूस फोन उचलत नाही, हे त्यांच्या घरात ठरलेलंच होतं. ‘आज जरा जास्त त्रास आहे. तुमच्या सोयीनं या,’ हा शेवटचा निरोप. सोयीनं या, म्हणजे अजून उतरलेली नाही. पट्टा पडला, हंगाम संपला, की जाऊन एकदाच शिव्या खाऊ, असं त्यानं ठरवलं.

शेजारच्या बाईनं शालनला कोल्हापूरला नेलं तेव्हा पित्ताशय फुटून विष अंगभर झालं होतं. बाळासो पोचला तो थेट शवागारात. नाशिकला दातांच्या दवाखान्यात काम करणारी त्यांची मुलगी तेजल त्याच्या आधी आली होती. शेजारणीनं लावून दिलेल्या फोनवर आई शेवटी तिच्याशी चार शब्द बोलली होती. तेराव्यापर्यंत तेजल घरात होती आणि बापाशी एक अक्षर बोलली नाही. मग ती निघून गेली.

पण नंतर तिचे निरोप येऊ लागले. ‘बाबा, झालं ते झालं. स्वतःला जपा.’ ‘आईची आठवण येते. तुम्हालाही येत असेल.’ बाळासो प्रत्येकाला मन लावून उत्तर द्यायचा. बरं आहे पोरी. तूही जेवत जा. रिकाम्या घरात ते निरोप पुन्हा पुन्हा वाचून तो दिवस ढकलत होता. पोरीनं माफ केलं, एवढंच त्याच्याकडं उरलं होतं.

शालनचा फोन त्यानं उघडला तो तिच्या नावावरचं गॅसचं कनेक्शन बदलायला. तिचं ‘कानगोष्ट’ सहज पाहिलं. वरती त्याचं नाव होतं, म्हणजे तिनं दिलेलं, ‘बैल’. खाली तिनं लिहिलेलं होतं, तिच्या बोटांनी.

‘बाळ्या, पोटात आग पडलीया. लई दुखतंय. ये.’

त्याला वाटलं आपण वेगळाच निरोप वाचतोय. त्यानं आपला फोन काढून शेजारी ठेवला. तारीख तीच. वेळ तीच. ‘पोटात थोडं दुखतंय. तुम्ही काळजी करू नका.’

तो खाली खाली जात राहिला. त्यानं फरफटत नेईन म्हणून लिहिलेलं तिच्या फोनमध्ये पोचलं होतं, ‘स्वतःची काळजी घे. जमल्यास डॉक्टरांचा सल्ला घे.’ त्यावर तिनं लिहिलं होतं, ‘हे कुठलं गोड बोलणं शिकलास? बायको मराय लागली आणि जमल्यास म्हणतोस? तोंडात माती पडो तुझ्या.’ हेच त्याच्याकडं ‘तुमच्या काळजीबद्दल बरं वाटलं’ होऊन आलं होतं. तिलाही वाटलं होतं, हा रागावलाय. दोघं दोन टोकांना बसून एकमेकांचा राग उतरायची वाट बघत होते आणि राग कुणाला आलाच नव्हता.

बाळासोनं समोरची खुर्ची उचलून भिंतीवर आपटली. मग दुसरी. शेजारची बाई धावत आली तेव्हा तो फोनकडं बोट दाखवून म्हणत होता, माझ्या बायकोच्या तोंडात दुसऱ्याची जीभ घातली, माझ्या बायकोच्या.

पुण्यात बाणेरला कंपनीचं ऑफिस होतं. तिथं ऋत्विक सोमण नावाच्या तरुणानं त्याला बसवलं, पाणी दिलं, आणि फार वाईट वाटलं असं तीनदा सांगितलं. पोरगा वाईट नव्हता, म्हणूनच बाळासोला तो जास्त असह्य झाला. सोमणनं समजावलं की निरोप कुणीही वाचलेला नाही. कुलूप अभेद्य आहे. फक्त कुलूप लागण्यापूर्वी फोनमधलाच एक छोटा भाषा-मेंदू वाक्यावरून हात फिरवतो. कडू शब्द सौम्य करतो. कंपनीच्या लक्षात आलं होतं की भांडण झालं की माणसं ॲप बंद करतात आणि दोन-दोन दिवस उघडत नाहीत. सौम्य बोलणं पोचलं की उघडतात. माघातल्या अपडेटबरोबर आलेल्या नव्या अटींमध्ये तसं लिहिलेलं होतं, ‘संवाद अधिक सुखद करण्यासाठी’. बाळासोंनी मान्य केलं होतं.

बाळासोनं विचारलं की तो मेंदू कसा चालतो ते दाखव. सोमण म्हणाला, ते दाखवता येत नाही, ते कंपनीचं गुपित आहे.

“म्हंजे माझं गुपित तुम्ही उघडायचं,” बाळासो म्हणाला, “आणि तुमचं मी बघायचं न्हाई.”

सोमणनं पाण्याचा पेला त्याच्याकडं सरकवला. मग त्यानं दिलासा म्हणून सांगितलं की अशा तक्रारी आल्यात, पुढच्या अपडेटमध्ये ही विसंगती दूर होईल. दोन्ही बाजूंना एकच मजकूर दिसेल.

“कुठला?”

“पोचलेला.”

ते अपडेट शिरू नये म्हणून बाळासोनं तिथल्या तिथं शालनच्या फोनमधलं सिमकार्ड काढलं, फोन बंद केला आणि आतल्या खिशात ठेवला. सोमण म्हणत होता, फोन आमच्याकडं तपासायला ठेवता का. बाळासो उठून चालू लागला, कारण बसला असता तर हात उचलला गेला असता.

सांगलीला मेहजबीन मुजावर म्हणून एक बाई होती. कॉलेजात शिकवायची आणि पाच-सहा जणांना घेऊन लोकांच्या फोनमधले प्रोग्रॅम तपासून द्यायची. कुणीतरी बाळासोला तिच्याकडं धाडलं. तिनं दोन्ही फोन शेजारी ठेवून पाहिले. मग तिनं त्याला कळेल असं सांगितलं.

निरोपाचं कुलूप हे बंद पाकिटासारखं. वाटेत कुणी फोडू शकत नाही, हे खरं आहे. पण पाकिटात कागद घालणारा हात कुणाचा? तो प्रोग्रॅमचा. प्रोग्रॅम कंपनीचा आणि बंद. तो आत काय करतो हे बाहेरच्याला दिसत नाही. उलट काही प्रोग्रॅम उघडे असतात. त्यांची सगळी कृती, ओळ न् ओळ, जगासमोर ठेवलेली असते. कुणीही ती वाचावी, त्याच कृतीवरून आपला प्रोग्रॅम बांधावा आणि फोनमध्ये आलेला त्याच्याशी ताडून बघावा. एका अक्षराचा फरक असला तरी कळतो. तिच्या मंडळींनी तसंच एक ॲप वापरात आणलं होतं, त्याचं नाव ‘चव्हाटा’. कृती चव्हाट्यावर, बोलणं घरात.

बाळासो म्हणाला, कारखान्याच्या साखरेचा नमुना बाहेरच्या प्रयोगशाळेत जातो तसं.

तसंच, पण एक लक्षात ठेवा, असं मेहजबीन म्हणाली. नमुना बाहेर ठेवला म्हणून कुणी तपासतोच असं नाही. उघडं आहे म्हणजे दुसऱ्या कुणीतरी वाचलं असेल, असं प्रत्येकजण धरून चालतो आणि कुणीच वाचत नाही, असंही झालेलं आहे.

“मग दोन्हींत फरक काय ऱ्हायला?”

“उघड्यात शंका आली तर बघता येतं, काका,” ती म्हणाली. “बंद असलं की विनंती करावी लागते.”

आता खरी अडचण तिनं सांगितली. कंपनी म्हणणार, मजकूर तुम्हीच मागाहून बदलला. ते खोटं पाडायला पुरावा होता. शालनच्या फोनमध्ये तिच्या प्रत्येक निरोपाची मूळ नोंद होती आणि सगळ्या नोंदींवर मिळून ॲपनंच उठवलेली एक मोहर होती, मागाहून अक्षर बदललं तर तुटणारी. जगातला कुणीही ती तपासू शकला असता. पण मोहर सगळ्यावर मिळून होती. एक वाक्य जरी झाकलं तरी ती तुटणार. म्हणजे दाखवायचं तर सगळं. शालन भावजयीबद्दल काय म्हणाली ते, नवरा-बायकोतलं नको ते, आणि शेवटच्या दिवसांत तिनं त्याला जे तळतळाट दिले तेही. खाजगी बोलणं चोरीला गेलं हे सिद्ध करायला ते गावासमोर उघडं टाकायचं. बाळासोला हसू आलं, वाईट हसू.

त्यानं विचार केला तो एवढाच की हे एकट्यानं ठरवायचं नाही. तेजलला विचारायचं. आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. तेजलचे निरोपसुद्धा ‘कानगोष्ट’वरच येत होते.

तो नाशिकला गेला. न कळवता. तेजलनं दार उघडलं, आणि त्याला आत ये म्हणायच्या आधी विचारलं, कशाला आलात. त्यानं फक्त तिचा फोन मागितला. म्हणाला, तू मला काय काय लिहिलंस ते बघायचंय.

“वाचलंयत की सगळं,” ती म्हणाली. “वाचून वर ‘बरं आहे पोरी’ म्हणून उत्तर द्यायचात. दगड आहात तुम्ही. मी लिहायचं थांबवत का नव्हते माहितीये? एकदा तरी चिडाल म्हणून.”

“मोठ्यानं वाच. माझ्या तोंडावर.”

तिनं वाचलं. ‘आईला तुम्ही मारलंत.’ ‘ती म्हणत होती, तुझ्या बापाला किती लिहिलं, आला न्हाई.’ ‘पुन्हा माझ्या दारात येऊ नका.’ बाळासो दाराच्या चौकटीला धरून ऐकत होता. गेल्या चार महिन्यांत त्याच्याकडं जे काही उरलं होतं ते त्या दारात, एकेका वाक्यानिशी, काढून घेतलं जात होतं. ती थांबल्यावर त्यानं आपला फोन तिच्या हातात दिला. ‘झालं ते झालं. स्वतःला जपा.’ तिनं ते वाचलं. परत वाचलं. हे मी लिहिलेलं नाही, असं ती पुटपुटली.

मग त्यानं शालनचा फोन चालू केला आणि तेजलला लिहिलेलं काढून दिलं. बाळासोनं ते आधी वाचलं नव्हतं, माय-लेकींचं म्हणून. ‘तेजे, बाप येईना झालाय. तू तरी ये. मला भ्या वाटतंय.’ तेजलच्या फोनमध्ये तो निरोप होता, ‘बाबा कामात आहेत. सवड मिळाली की ये.’ सवड मिळाली की ये, म्हणून तिनं रविवारचं तिकीट काढलं होतं. शालन शुक्रवारी गेली.

तेजल जमिनीवर बसली. तिनं वर बघितलं. डोळ्यांत पाणी नव्हतं.

“शब्द त्यांनी बदलले. पण एक फोन केलात, नाही उचलला, आणि गप्प बसलात. शेजारणीला करायचा होता. मला करायचा होता.”

“व्हय,” बाळासो म्हणाला.

रविवारचं तिकीट काढून तीही थांबलीच होती. ते काही मिटलं नाही. पण निघताना तीही त्याच्याबरोबर निघाली, आणि सांगलीला मेहजबीनच्या टेबलावर शालनचा फोन ठेवताना म्हणाली, सगळं टाका, एक ओळ झाकू नका.

पुढं जे व्हायचं ते झालं. हुपरीत घराघरांत शालनचे निरोप वाचले गेले. भावजयीनं बोलणं टाकलं. तालमीच्या कट्ट्यावर पोरं बाळासोला बघून ‘बैल आला’ म्हणून हसली, आणि एकाच्या कानाखाली त्यानं जाळ काढला. पण मोहर जगभर तपासली गेली आणि ती खरी निघाली. मग लोकांनी दोन-दोन फोन शेजारी ठेवायला सुरुवात केली. बार्शीत दोन भावांना कळलं की त्यांच्यातलं वैर मिटलेलंच नव्हतं, चांगलं जिवंत होतं आणि ते वर्षभर एकमेकांना हसून भेटत होते. लातूरच्या एका मुलीनं एका माणसाला लिहिलं होतं, पुन्हा मेसेज केलास तर पोलिसांत जाईन. त्याला पोचलं होतं, सध्या जरा कामात आहे. तो तिच्या कॉलेजच्या फाटकाशी रोज उभा राहायचा.

खटला संवाद न्यायाधिकरणापुढं उभा राहिला. अध्यक्षस्थानी एक वयस्कर बाई होत्या. कंपनीच्या वकिलानं आधीच अर्ज दिला की मयत महिलेच्या सन्मानासाठी तिचा मजकूर जसाच्या तसा वाचू नये, सारांश पुरेल. बाळासो जागेवरून उठला. आजवर जे झालं तेच पुन्हा चाललंय, एवढंच तो म्हणाला. अध्यक्षबाईंनी अर्ज फेटाळला. तेजल साक्षीच्या जागी उभी राहून वाचू लागली.

सुनावणीचा कागद हातानं लिहायची पद्धत केव्हाच गेली होती. बोललेलं यंत्र ऐकायचं आणि भिंतीवरच्या पडद्यावर अक्षरं उमटायची. तेजल वाचत होती, ‘बाळ्या, मुडद्या, किती हाका मारू? गुरासारखी वरडाय लागलेय मी.’ मेहजबीनची नजर पडद्यावर गेली. तिनं बाळासोचा दंड धरला.

पडद्यावर उमटलं होतं, ‘पतीस वारंवार संपर्क साधला. प्रकृती अस्वस्थ.’

बाळासो काही बोलायच्या आत मेहजबीन बोलली. हे यंत्र कुणी पुरवलं ते विचारावं, अशी तिनं विनंती केली. लेखनिकानं चाचपडत कागद काढला आणि त्याच कंपनीचं नाव वाचलं. वकील उठून सांगू लागला की ते दुसऱ्या विभागाचं उत्पादन आहे, या खटल्याशी संबंध नाही, त्यात फक्त सभ्यतेची किमान पातळी राखलेली असते. बाळासोनं बघितलं तर पडद्यावर वकिलाचं बोलणं अक्षरन् अक्षर बरोबर उमटत होतं.

अध्यक्षबाईंनी पडद्याकडं बघितलं, मग मागच्या कपाटाकडं, जिथं त्या यंत्रानं लिहिलेले कितीतरी निकाल ओळीनं उभे होते. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी यंत्र बंद करायला लावलं आणि लेखनिकाला म्हणाल्या, पेन घ्या, हातानं लिहा, साक्षीदार पहिल्यापासून वाचतील.

पेन शोधायलाच वेळ गेला. तेजलनं पुन्हा सुरुवात केली. ती ‘बाळ्या’ म्हणाली आणि पुढचं येईना. लेखनिक पेन धरून थांबला. वकील हळूच म्हणाला, तर मग सारांश.

बाळासो पुढं गेला. पोरीच्या हातातून त्यानं शालनचा फोन घेतला. चष्मा लावला. हे असं हळू वाचायचं नाही, तिनं ओरडून म्हटलेलं आहे, असं त्यानं लेखनिकाला बजावलं. आणि भरल्या कचेरीत, कंपनीच्या माणसांच्या तोंडासमोर, बायकोच्या चढ्या आवाजात तो स्वतःलाच शिव्या घालू लागला.